मुलाचा पहिला गळ : विकत घेण्याआधी थोडं थांबा



मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की चौथी-पाचवीतली काही मुलं घरी हट्ट धरतात, "मला मासे पकडायचा रॉड घ्या!" मोबाईलवर व्हिडिओ बघितलेले असतात. मग आपण रॉड, रील, दोरा, रंगीत प्लास्टिकचे मासे असा सगळा संच ऑनलाईन मागवून मोकळे होतो. दोन दिवसांत रीलवर दोऱ्याचा गुंता होतो, मुलाला तो सुटत नाही आणि संच माळ्यावर जातो. वर आपणच म्हणतो, "याच्यात चिकाटीच नाही!"

मला हे पटत नाही. मुलाच्या हातात आपण त्याला न झेपणारं साधन दिलं, हे आधी बघायला हवं. पहिलीत आपण पेनच्या आधी पेन्सिल देतो, कारण चुकलं तर खोडता येतं. पहिला गळही तसाच हवा. मुलाला स्वतःला बांधता, सोडवता आणि दुरुस्त करता येईल असा. म्हणून माझं मत साध्या बांबूच्या काठीला.

बारीक, सरळ, वाळलेला, शेंड्याकडे लवणारा बांबू घ्या. लांबी मुलाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. तंगूस काठीएवढाच लांब ठेवा, म्हणजे काठी उभी केली की मासा थेट हाताशी येतो. मोजमाप मुलालाच करू द्या, गणिताचा एक पाठ तिथेच होतो. तरंगायला थर्माकोलचा तुकडा किंवा मोरपिसाचा देठ चालतो. वजनासाठी शिसं टाळा. मुलं ते दातांनी दाबतात आणि शिसं विषारी असतं. त्याऐवजी छोटा नट बांधा. गळ दुकानातून आणताना लक्षात ठेवा, ८, १०, १२ असा आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो. ८ किंवा १० नंबर पुरेसा. त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. बोटात रुतला तरी सहज निघेल आणि सोडलेला मासाही जगेल. आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी.

या काठीवर एक-दोन सुट्ट्या काढूनही आवड टिकली, तर मग रॉड जरूर घ्या. तेव्हा सहा-साडेसहा फुटांचा, दोन तुकड्यांत निघणारा फायबरग्लासचा रॉड बघा. कार्बनचा रॉड हलका असतो, पण दगडावर आपटला तर तडकू शकतो. शिवाय त्यातून वीज वाहते, त्यामुळे वर विजेच्या तारा असतील तिथे तो फार धोक्याचा. तारांखाली तर कुठलीच काठी उगारू नये. दुकानात रील लावून रॉड मुलाच्या हातात दोन मिनिटं धरायला द्या, मनगट दुखलं तर तो त्याचा नाही. प्रत्येक कडीतून कापूस फिरवून बघा. कापूस अडकला, तर तिथे दोराही कापला जाणार.

पण पालकहो, काठीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सोबत कोण जाणार? मुलाला पोहता येत असलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. जुन्या खाणी आणि विहिरी पूर्ण टाळा, काठापासूनच पाणी एकदम खोल असतं. आपल्याकडे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, म्हणून गावात आधी विचारून परवानगी घ्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात. त्या दिवसांत गळ घरीच ठेवा आणि का ठेवला हे मुलाला सांगा. परिसर अभ्यासाच्या पुस्तकापेक्षा ते जास्त लक्षात राहील. लहान मासा लागला तर हात ओला करून हळूच पाण्यात सोडायचा, हेही तिथेच शिकवा.

आणि हो, हे फक्त मुलग्यांसाठी नाही. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाही काठी द्या.

तासभर पाण्याकडे बघत बसायला मुलं तयार असतात. आपल्याकडे तो तास आहे का, हे आधी ठरवा आणि मगच रॉडची ऑर्डर द्या.