शुष्क अस्थी आणि प्राण

‘भविष्य’ हा शब्द कानी पडताच मन अमुक वर्षी काय घडेल, याकडे धावते. यहुदी लोकांच्या प्राचीन संदेष्ट्यांची वचनेही जगात अनेकजण याच कुतूहलाने वाचतात आणि त्यांतून युद्धाच्या व प्रलयाच्या तिथी काढीत बसतात. वास्तविक ती वचने प्रथम ऐकणाऱ्याच्या अंतःकरणालाच उद्देशून होती.

यहेज्केल हा संदेष्टा पुरोहितकुळातील. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमच्या राजासह अनेकांना बाबिलोनला बंदी करून नेले, त्यांत तोही होता. पुढे सुमारे दहा वर्षांनी तेथील मंदिरही भस्मसात झाले. मंदिर गेले, भूमी गेली. मग देव भेटावा कोठे? तोवर कठोर इशारे देणारा यहेज्केल आता आश्वासन देऊ लागला की, ईश्वर पाषाणाचे हृदय काढून त्या ठिकाणी जिवंत हृदय देईल.

त्यानंतरचा त्याचा दृष्टांत मननीय आहे. एका खोऱ्यात शुष्क अस्थींचा खच पडला होता. ईश्वराज्ञेने तो बोलताच अस्थी परस्परांना जुळल्या, वर स्नायू, मांस व त्वचा आली. तरी देह निश्चेष्टच राहिले. पुढे वायूला आवाहन केले, तेव्हा कोठे ते उठून उभे राहिले. मूळ हिब्रूतील ‘रूआह’ या शब्दात वारा, श्वास व आत्मा हे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. आपल्या ‘प्राण’ शब्दाचे येथे सहज स्मरण होते. या अस्थी म्हणजे परागंदा झालेले राष्ट्र, असा खुलासा त्याच ग्रंथात आहे. परंतु हृदयपालटाचे वचन त्याच्या अगोदर येते, हा क्रम विसरता कामा नये.

चाळीस वर्षे कीर्तनास उभ्या राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाला हा दृष्टांत बोचतो. पूर्वरंग बांधेसूद होतो, साकी-दिंडी तालात येतात, पेटी-तबला सुरात असतो. आणि तरीही एखाद्या रात्री सभामंडपात नुसता सांगाडाच उभा राहतो. आपल्या पूजेचे, उपवासांचे, पारायणांचेही कित्येकदा असेच होते. सांगाडा त्याज्य नाही. प्राणाला राहावयास देह हवाच. पण तेवढ्यावर समाधान मानणे हा आत्मघात होय.

म्हणून वाचकहो, आजच्या पर्वदिवशी देवापुढे बसाल तेव्हा उद्याची चिंता क्षणभर बाजूस ठेवा. आपल्यात काय शुष्क झाले आहे, तेवढे त्याला मोकळेपणी सांगा.