एका पायाची पोटरी

रत्नदुर्गाच्या पायथ्याशी मिरकरवाडा आहे. ऐन हंगामात तिथल्या धक्क्यावर गेलात, तर मासळीचा भाव करून झाल्यावर घटकाभर खलाशांच्या पायांकडे पाहा. (आमच्या सौभाग्यवती सुरमईकडेच पाहतात, ती गोष्ट वेगळी!) बोटीला बोट खेटून उभी असते. खलाशी या बोटीवरून त्या बोटीवर आणि तिथून धक्क्यावर उडी टाकतो. दर उडीला सारा भार एका पायावर येतो, आणि तो झेलायला पोटरी लागते.

आता समजा, अशा एखाद्याचा पाय मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघते तेव्हा पोटरी वाळून गेलेली असते. हाड जुळले म्हणून घरचे पेढे वाटतात. पण त्या पायावर उडी टाकायची कशी? जून-जुलैची मासेमारीबंदी संपली की बोट काही त्याच्यासाठी थांबत नाही.

मग तो व्यायामशाळेत जातो. खांद्यांवर यंत्राच्या गाद्या घेऊन, चवडे फळीवर टेकवून दोन्ही टाचा उचलू लागतो. वजन वाढत जाते, मन सुखावते. गंमत अशी की, पुष्कळसे काम धडधाकट पायच उरकीत असतो! घरात एक भाऊ राबणारा असला, की दुसऱ्याचा आळस कोणाला दिसतो? म्हणून पायांना वेगवेगळे कामाला लावावे. आधी दुबळ्याला, आणि त्याला जितक्या वेळा जमेल, तितक्याच वेळा दुसऱ्याला.

इथे थोडा हिशेब करू. ६० किलोचा माणूस खांद्यावर ४० किलो घेऊन दोन पायांवर उभा राहिला, तर प्रत्येक पोटरीच्या वाट्याला ५० किलो येतात. तोच माणूस रिकाम्या हातांनी एका पायावर उभा राहिला, तर ६०! म्हणजे निरोगी माणसाला जिन्याची पायरी नि कठडा पुरे. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून पंधरा वेळा टाच उचलणे गृहिणींनाही जमेल.

यंत्राची खरी गरज दुबळ्या पायाला. बसून करायच्या यंत्रावर किंवा पायांनी फळी ढकलायच्या यंत्रावर ६० किलोंऐवजी १० किलोंपासूनही आरंभ करता येतो. मात्र पोटरीचे मुख्य स्नायू दोन. वरचा फुगीर स्नायू गुडघ्याच्याही वरून निघतो, तो गुडघा सरळ असताना नीट राबतो. गुडघा वाकवून बसले की काम मुख्यतः खालच्या, सपाट स्नायूवर पडते. दोन्ही करावेत.

आणि टाच खाली सोडताना घाई नको. स्वीडनचे शल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेमागची जाड शीर दुखणाऱ्या १५ धावपटूंना एवढेच करायला लावले: चांगल्या पायाने वर जायचे, दुखऱ्या पायाने सावकाश खाली यायचे. पंधरा-पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तितकेच वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत यश इतके सरसकट आले नाही, तरी ही रीत आजही वापरात आहे.

प्लास्टर निघालेल्यांनी आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. आणि एकच पोटरी सुजून गरम झाली, दुखू लागली, तर ती चोळत बसू नये, व्यायामही करू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते; त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग दिवाळीचा पाडवा का असेना!