आलापल्लीचा खोळंबा

विमान बदलतांना मधल्या वेळांत गांव पाहून घ्यावें, असें नातू सांगतो. आमच्या वांट्यास मात्र विमानतळ नव्हे, आलापल्लीचें बसस्थानक आलें. चंद्रपुराहून भामरागडास जाणाऱ्यांवर येथें गाडी बदलण्याचा प्रसंग येतो.

पूर्वीं एकदां असाच चार तासांचा खोळंबा झाला. “जवळपास पाहण्यासारखें कांहीं आहे का?” कुटुंबानें विचारलें. “झाडें आहेत, दुसरें काय?” असें म्हणून मीं वर्तमानपत्र उघडलें. पुढच्या खेपेस ती हयात नव्हती.

त्या खेपेस भाड्याची गाडी करून नातवासह भामरागडच्या वाटेवरील ‘वनवैभव’ गांठलें. अंतर सुमारें १६ किलोमीटर; परतीसाठीं तासभर राखून ठेवला म्हणजे झालें. १९५३ पासून जतन केलेलें हें सहा हेक्टरांचें रान २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ ठरलें. सागाचे सरळसोट बुंधे पाहतांना मान दुखूं लागते. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिरासाठीं गेला; पण उभा साग पाहणें निराळेंच. संस्कृतांत सागास ‘शाक’ म्हणतात (भाजीसहि शाकच!). इतकीं वर्षें शब्द शिकविला, झाड तेथें पाहिलें.

परततांना नातवानें रस्त्याकडेच्या रोपाचें कोंवळें पान तळहातावर चोळलें. तांबडा रंग उमटला. स्थानकावर आलों तों गाडी लागलेली होती. हात धुण्यास वेळ उरला नाहीं.