काटा वजनाचा, प्रश्न ताटाचा

हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत कष्टकरी वर्गाला फार महाग पडली आहे. अंगावर चरबी नाही, दिवसभराची मेहनत चुकत नाही, तेव्हा हृदयाला कसला आला आहे धोका, असे मानणारा माथाडी, यंत्रमाग कामगार किंवा एस.टी.चा चालक एके दिवशी छातीत कळ येऊन कोसळतो आणि ‘इतका काटक माणूस, त्याला काय झाले?’ असे म्हणत वस्ती हळहळते. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीचे जे विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार दक्षिण आशियात हृदयविकाराचा पहिला झटका साधारणतः वयाच्या ५३ व्या वर्षी येतो. इतरत्र तो ५९ च्या सुमारास येतो. मुलांची शिक्षणे आणि डोक्यावरचे कर्ज ही दोन्ही अर्धवट असताना घरातले कर्ते माणूस अंथरुणाला खिळणे, असा या सहा वर्षांच्या फरकाचा अर्थ आहे.

या संकटावर आज जे उत्तर सर्वत्र दिले जाते, ते दोन शब्दांचे आहे : वजन उतरवा. हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते देणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी पडत नाही. रोग झाला तो खादाडपणाने आणि बरा व्हायचा तो मनोनिग्रहाने, असे एकदा ठरले की रेशनच्या दुकानात काय मिळते, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काय शिजते, तेलाच्या आयातीचे धोरण कोणाच्या हितासाठी आखले जाते, हे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. शिवाय माणसाच्या मनातील अपराधी भावना हा बाजारात उत्तम खपणारा माल आहे. भुकट्या, पेये, व्यायामशाळांची वर्गणी आणि आता महागडी इंजेक्शने, हा सारा व्यापार त्या भावनेवरच उभा आहे.

वजनाचा हृदयाशी संबंधच नाही, असे अर्थात कोणी म्हणू नये. पोटाभोवती साठणारी चरबी रक्तदाब व मधुमेह यांना आमंत्रण देते, हे निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच आहे की, काट्यावरचा आकडा हीच आहाराची कसोटी मानावी काय? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना मांडली. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघे सारखेच निरोगी! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात, वजनाने कमी भरणाऱ्या नवजात बालकांतही चरबीचे प्रमाण मात्र तुलनेने टिकून असल्याचे आढळले. म्हणजे या रोगाची मुळे अतिभोजनाप्रमाणेच गर्भवती मातेच्या अर्धपोटी राहण्यातही आहेत. अशा माणसाला ‘कमी खा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. आणि तो सडपातळ आहे म्हणून त्याला काहीच न सांगणे हा निष्काळजीपणा आहे.

आहार बदलला आणि वजन मात्र तेच राहिले, तर हृदयाला लाभ होतो काय, याचे उत्तर प्रयोगांनी दिलेले आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या अमेरिकी प्रयोगात ४५९ व्यक्तींना आठ आठवडे ठरावीक अन्न देण्यात आले. कोणाचेही वजन घटू वा वाढू नये याची मुद्दाम काळजी घेतली गेली आणि मिठाचे प्रमाणही सर्वांना सारखेच ठेवले गेले. ज्यांच्या ताटात भाज्या, फळे व कमी स्निग्धांशाचे दूध-दही भरपूर होते आणि संपृक्त चरबी कमी होती, त्यांच्यापैकी उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब नेहमीचे अन्न खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ११ अंकांनी उतरला. याउलट, ‘लुक अहेड’ या प्रयोगात पाच हजारांहून अधिक स्थूल मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांना वजन उतरवण्याचे कसोशीचे शिक्षण दिले गेले. त्यांचे वजन उतरले, इतरही काही लाभ झाले. परंतु २०१३ साली निष्कर्ष हाती आले तेव्हा हृदयविकाराच्या घटना मात्र घटलेल्या दिसल्या नाहीत. नव्या इंजेक्शनांपैकी एकाने हृदयरोगी स्थूल माणसांतील अशा घटना कमी केल्याचे २०२३ साली दिसून आले, हे खरे. त्याचा लाभ गरजूंना मिळालाच पाहिजे. पण औषध हे रोग्यासाठी असते. साऱ्या समाजाचे अन्न त्यामुळे सुधारत नाही.

साऱ्या समाजाचे अन्न कसे सुधारते, याचा धडा फिनलंडमधील उत्तर कारेलिया या प्रांताने घालून दिला. तेथील पुरुष जंगलात लाकूडतोडीची अंगमेहनत करणारे, धडधाकट. आणि तरीही हृदयविकाराने अकाली मरण्यात जगात अग्रेसर. लोणी, मलईचे दूध, खारवलेले मांस हा त्यांचा आहार. भाजीपाला जवळजवळ नाही, धूम्रपान मात्र भरपूर. १९७१ साली प्रांतातील लोकांनीच शासनाकडे मदतीची मागणी केली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. त्याने घरोघरी वजनकाटे वाटले नाहीत. ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव एकत्र जेवणाचे मेळावे भरवून कमी मिठाचे, भाज्यांचे पदार्थ करून दाखवले. मांस-उत्पादकांना चरबी व मीठ कमी करायला लावले गेले, दूध-उत्पादकांना फळशेतीकडे वळण्यास साहाय्य मिळाले, स्वयंपाकात लोण्याच्या जागी वनस्पतिजन्य तेल आले, तंबाखूविरुद्ध मोहीम झाली. पुढील पस्तीस वर्षांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यात नव्या उपचारांचाही वाटा आहे; परंतु मोठा वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान उतरल्याचा आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, याच काळात तेथील पुरुषांचे सरासरी वजन घटले नाही, उलट वाढले.

मुंबईच्या गिरणगावाला ‘मार्था’चे काम परके वाटण्याचे कारण नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा कामगाराचे ताट हा चळवळीचा विषय आहे, हेच सिद्ध झाले होते. आज ते ताट कसे आहे? डाळ महाग म्हणून आमटी पातळ, भाजी नावापुरती, आणि भूक मारायला वडापाव, भजी, फरसाण. तेही पुनःपुन्हा उकळलेल्या तेलातले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ पुरे म्हणते. लोणचे, पापड, फरसाण आणि पाकीटबंद खाऊ मिळून ती मर्यादा नकळत ओलांडली जाते. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा असतो. करडई, तीळ वा शेंगदाणा यांच्या तेलापेक्षा त्यात संपृक्त चरबी कितीतरी अधिक. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची करडई मागे पडली आणि २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने गरिबाला जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ व साखर यांच्या जोडीला पामतेलच होते.

धोरण बदलले तर ताट बदलते, याचा पुरावाही याच देशात आहे. वनस्पती तुपातील घातक ‘ट्रान्स’ चरबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यासाठी एकाही नागरिकाला पथ्य सांगावे लागले नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्क दिला तो केवळ धान्याचा. त्यात डाळीचा समावेश झाला पाहिजे. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ मिळू शकते, तर महाराष्ट्रात का नाही? त्याच कायद्यात भरड धान्यांची तरतूद आहे. शासनाने ज्वारी-बाजरी योग्य भावाने खरेदी करून ती नियमितपणे रेशनवर आणावी. करडई व भुईमुगाला खरेदीची हमी द्यावी. पाकीटबंद पदार्थांवर मीठ, साखर व चरबी यांचा इशारा दर्शनी बाजूस, मराठीत आणि ठळक असावा. चिली देशात असे कायदेशीर इशारे २०१६ पासून छापले जात आहेत.

चौथी मागणी कॅन्टीनची आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी कॅन्टीनची आणि तिच्या व्यवस्थापनात कामगार प्रतिनिधींची तरतूद होती. ज्या श्रमसंहितांना कामगार संघटनांचा रास्त विरोध आहे, त्यांपैकी २०२० च्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून १०० वर आणली. विरोध चालू ठेवूनही हे कलम संघटनांनी मालकांपुढे टाकले पाहिजे. आजवर कॅन्टीनची वाटाघाट दराभोवतीच फिरत आली. यापुढे उसळ, भाजी, ताक, तेल आणि मीठ हेही मागणीपत्रातील मुद्दे व्हावेत.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील की, आधी पोटभर मिळू द्या, मग पौष्टिकतेचे पाहू. हा क्रमच चुकीचा आहे. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी आणि ताक हे अन्न पोट भरणारेही आहे आणि हृदयाला मानवणारेही. ते श्रीमंती अन्न नव्हे. कष्टकऱ्याच्या हातून काढून घेतले गेलेले अन्न आहे. मात्र ते रोज रांधण्याचा भार पुन्हा घरच्या बाईवरच टाकून आणि तिने सर्वांच्या मागून उरलेसुरले खाऊन ही सुधारणा होणार नाही. यासाठीच सार्वजनिक स्वयंपाकघरे हवीत. २०२० साली सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत चपाती, भाजी, वरण व भात हे दहा रुपयांत देता येते, हे दिसले आहे. अशी केंद्रे टिकवणे, वाढवणे आणि त्यांचा दर्जा पाहणे हे वॉर्डावॉर्डातले काम आहे.

आरंभ पक्षाच्या शिबिरांपासूनच व्हावा. जेथे समाजपरिवर्तनाची चर्चा चालते, तेथे दोन सत्रांच्या मध्ये चहा, बिडी आणि फरसाण फिरते, हे काही शोभादायक नाही. शाखांनी पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर रेशन आणि कॅन्टीन हे दोन विषय घ्यावेत. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून तीस वर्षांवरील प्रत्येक सभासदाचा, मग तो जाड असो की काटक, दाब मोजावा. वजनकाट्याची गरज नाही.