जीवशास्त्रातली जाती आणि दाखल्यावरची जात

शाळेतील विज्ञानाच्या मराठी पुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड दिलेली असते. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. आमचे विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. परंतु शेवटच्या शब्दाचा अर्थ किती जणांना कळलेला असतो? ज्या देशात मुलाला शाळेत पाऊल ठेवण्याआधीच आपली जात कळते, त्या देशात 'जाती' हा शास्त्रीय शब्द नीट उलगडून न सांगणे धोक्याचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या क्षेत्रात आम्ही रोज पाहतो की, अधिनियमाच्या सुरुवातीलाच व्याख्यांचे कलम असते. शब्दाचा अर्थ निश्चित नसला की बलवान पक्ष तो आपल्या सोयीने लावतो. विज्ञानाच्या शब्दांचेही तसेच आहे.

तेव्हा आधी व्याख्या पाहू. ज्या सजीवांचे आपसात निसर्गतः प्रजनन होते आणि ज्यांची संततीही प्रजननक्षम असते, त्यांचा गट म्हणजे जाती. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मते. पण ते सहसा वांझ असते. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती. बाजारात हापूस आणि पायरी यांना आंब्याच्या 'जाती' म्हणतात. शास्त्राच्या भाषेत ते एकाच जातीचे दोन वाण आहेत. आणि वर्गीकरणाच्या उतरंडीत वरचा म्हणजे श्रेष्ठ, खालचा म्हणजे नीच असे काही नसते. वरचा गट फक्त अधिक व्यापक असतो.

आता हीच व्याख्या माणसाला लावा. लिनियसने १७५८ साली माणसाला होमो सेपियन्स हे शास्त्रीय नाव दिले. आज पृथ्वीवर असलेला प्रत्येक माणूस त्याच एका जातीचा आहे, मग तो ब्राह्मण असो, मराठा असो, मातंग असो, बौद्ध असो की आदिवासी. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. आंतरजातीय विवाहातून जन्मलेली मुले शिकतात, संसार करतात, नातवंडेही खेळवतात. अशा विवाहांवर लाठ्याकाठ्या घेऊन धावून जाणाऱ्यांना निसर्गाचा कोणताही आधार नाही.

'गुणसूत्र' या शब्दाचीही अशीच गल्लत होते. माणसाच्या पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात आणि त्यांवर जनुके असतात. रक्तगट, डोळ्यांचा रंग अशी लक्षणे जनुकांतून येतात. मात्र गुणसूत्रातले गुण म्हणजे गुणपत्रिकेतले गुण नव्हेत! 'गुणवत्ता रक्तातच असते' असे म्हणत आरक्षणाला विरोध करणाऱ्यांनी जातीचे जनुक आजवर कुठे दाखवले आहे? ए, बी, एबी आणि ओ हे रक्तगट सर्व समाजांत सापडतात. रक्तपेढीत गट पाहून रक्त घेणारा मनुष्य दात्याची जात विचारत नाही.

हा युक्तिवाद बाबासाहेबांनी फार पूर्वी मांडून ठेवला आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जातीचे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत आहे, हे त्यांनी सिद्ध केले. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी वंशशुद्धीचा दावा खोडून काढला. भारतातील वंश रक्ताने मिसळल्यानंतर जाती आल्या, हे त्यांनी ठणकावून सांगितले. पुढे २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि नंतर अंतर्विवाहाची चौकट घट्ट झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे भिंत माणसाने घातली, निसर्गाने नाही.

असे असताना २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. सर्व सजीवांचे मूळ एक आहे, हे सांगणारा धडाच मुलांपुढून गेला तर वैज्ञानिक दृष्टिकोन कुठून येणार? तो जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१ क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

आमची मागणी साधी आहे. पाठ्यपुस्तकात 'जाती' या शब्दाखाली दोन ओळी छापाव्यात: हा शब्द सामाजिक जातीसाठी नाही, सर्व माणसे एकाच जातीची आहेत. पण सरकारची वाट पाहत बसू नये. विहारात चालणाऱ्या प्रत्येक अभ्यासिकेत विद्यार्थ्यांनी एक वही करावी. एका रकान्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द देवनागरीत, तिसऱ्यात घरच्या बोलीत अर्थ. पेशी, ऊती, जनुक, गुणसूत्र, उत्क्रांती. अकरावीला विज्ञान शाखेत बहुतेक ठिकाणी इंग्रजी सुरू होते, तिथे ही वही आमच्या मुलामुलींच्या कामी येईल. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक असलेल्या बांधवांनी आणि भगिनींनी आठवड्याचा एक तास त्यासाठी द्यावा. 'शिका' या आदेशात शब्द पाठ करणे नव्हे, अर्थ समजून घेणे आले. जयभीम!