फोटोखालचं दुसरं नाव

ऑक्टोबर ते जून या महिन्यांत नागपूरच्या विमानतळावर उतरणारी काही माणसं लांबूनच ओळखू येतात. बाकीचं सामान ती गाडीच्या डिकीत टाकतात, पण एक जाडजूड काळी बॅग मात्र मांडीवर घेऊन बसतात. त्या बॅगेत पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स असते. मुंबई, पुणे, बंगळुरूहून आलेली ही मंडळी शहरात थांबत नाहीत. उमरेड, भिसी, चिमूर करत थेट ताडोब्याचं कोलारा गेट गाठतात, नाहीतर चंद्रपूरच्या अंगाने मोहर्ली. तीन-चार दिवसांची फोटो टूर असते. सोबत एक नावाजलेला छायाचित्रकार असतो, त्याला सगळे मेंटॉर म्हणतात. पहाटे सफारी, दुपारी काढलेल्या फोटोंची चिरफाड, मग पुन्हा सफारी आणि रात्री लॅपटॉपभोवती बैठक.

अशा टूर आता जगभर निघतात. भूमध्य समुद्रातल्या सिसिली, सँटोरिनीसारख्या बेटांवर तर छायाचित्रकारांचे गट नेणारे वाटाडे ठरलेलेच असतात. पण तिथले घुमट, पायऱ्या, बंदराजवळचा मासळीबाजार जागच्या जागी राहतात. कुठल्या गल्लीत सकाळचं ऊन किती वाजता उतरतं हे मेंटॉरने एकदा हेरून ठेवलं की दरवर्षी नव्या गटाला तिथे उभं करता येतं. ताडोब्यात हे चालत नाही. इथे ज्याचा फोटो काढायचा तो वाघ रात्रभर मैलोन् मैल फिरतो आणि दिसायचं की नाही हे तोच ठरवतो. त्यामुळे इथल्या टूरला दोन शिक्षक लागतात, एक कॅमेऱ्याचा आणि एक जंगलाचा. पहिल्याचं नाव जाहिरातीत ठळक अक्षरांत असतं. दुसऱ्याचं नाव फोटोखालीही नसतं. मला त्या दुसऱ्याबद्दल लिहायचं आहे.

गेटवर पाळीप्रमाणे जो गाइड आपल्या जिप्सीत चढतो, तो बहुधा बफरमधल्या, म्हणजे जंगलालगतच्या पट्ट्यातल्या, एखाद्या गावचा असतो. खाकी शर्ट, कमरेला पाण्याची बाटली, पुष्कळदा वयाने पोरगेलासा. आता या कामात मुलीही आल्या आहेत, आणि त्या उत्तम काम करतात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९९५ साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. पण या गाइडचे आजे-पणजे त्याच्या कितीतरी आधीपासून याच रानात मोह वेचत होते, बांबू तोडत होते. ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडलं, तो तारू नावाचा गोंड म्होरक्या वाघाशी झुंजताना गेला अशी कथा आहे, आणि तलावाकाठी त्याचं देवस्थान आहे. या मुलांना वाघ प्रथम पर्यटनातून भेटलेला नाही. तो त्यांच्या घराच्या मागे होताच.

त्यांची विद्या काय असते ते एका एप्रिलमधल्या दुपारी मी मोहर्लीच्या बाजूला पाहिलं. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, पानगळ होऊन सागाचं जंगल उघडं पडलेलं. पुढच्या पाणवठ्यावर वाघीण बसली आहे अशी बातमी येणाऱ्या-जाणाऱ्या जिप्स्यांतून पोचली आणि सगळ्या गाड्या तिकडे पळाल्या. आमच्या गाडीतल्या मेंटॉरनेही चला म्हटलं. गाइडने हात वर करून गाडी थांबवायला लावली. दूर एका झाडावर वानर खॅक खॅक करत होतं. आम्हाला तो फक्त आवाज होता. गाइड वानराचं तोंड कुठे वळलंय ते बघत होता.

"वांदर खाली पाहून राह्यलं, सर. पाण्यावरून उठली ते. आता नाल्यानं येते अन् इथंच रस्ता ओलांडते. गाडी थोडी मागं घेऊ, तिला जागा पायजे."

मागं घेऊ म्हटल्यावर गाडीतल्या एकाचा चेहरा पडला, कारण मागे गेलं की अंतर वाढतं. मग चितळाची शीळ आली. पाठोपाठ सांबराची भारदस्त हाक आली आणि गाइड पुटपुटला, "आता पक्कं." चितळ घाबरट आहे, कशालाही ओरडतं. सांबर उगाच ओरडत नाही, त्याने स्वतः पाहिलं तरच हाक देतं. वानर उंचावरून बघतं, म्हणून दिशा त्याच्याकडून कळते. वाऱ्याचा रुख, धुळीतल्या ठशाची कड अजून तीक्ष्ण आहे की ढासळली, ठशावर दुसऱ्या गाडीचं चाक गेलंय का, हे सगळं तो मनात एकत्र जुळवत होता. वाघीण नाल्यातून वर आली, रस्त्याच्या मधोमध क्षणभर थबकली आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यातून सरळ आमच्याकडे बघत ओलांडून गेली. गाडी मागे घेतली नसती तर ती नाल्यातूनच माघारी वळली असती.

ते फोटो पुढे समाजमाध्यमांवर आले. देखणेच होते. खाली कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स, शटर स्पीड, आयएसओ, मेंटॉरचे आभार, रिसॉर्टचे आभार. ज्या माणसाने वानराच्या तोंडावरून वाघिणीची वाट ओळखली आणि तिला वाट मोकळी ठेवली, त्याचा उल्लेख नव्हता. मोठ्या लेन्सची प्रवेशशुल्काच्या पावतीवर वेगळी नोंद होते. माणसाची फोटोखाली होत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि कोणाचा हेतू वाईट नसतानाही वाटतं. ती एक पडून गेलेली सवय आहे, आणि सवय मोडता येते.

आपल्याकडे याहून चांगली रीत होऊन गेली आहे. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी, पुढे नागपूरकर, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच ते गेले. संस्कृत ग्रंथ त्यांनी जितक्या आदराने वाचले तितक्याच आदराने रानातल्या माणसांना ऐकलं. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आपण जंगल शिकलो, हे त्यांनी कधी लपवलं नाही. माधवराव आज मराठी वाचकाला माहीत आहेत ते त्यामुळेच. एवढ्या मोठ्या अभ्यासकाला दुसऱ्याचं नाव घेतल्याने कमीपणा आला नाही, तर आपल्याला का यावा?

गाइडचं नाव न घेण्याच्या या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक टोचणारी आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव गेटच्या भागात, एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली. चित्रफिती सर्वत्र फिरल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई व्हायलाच हवी होती. गाइड आणि चालकांना निलंबित केलं गेलं, आणि तेही योग्य होतं, कारण गाडी कुठे थांबवायची याची जबाबदारी त्यांच्यावर असते. पण त्या गाड्यांत कॅमेरे आणि मोबाइल रोखून उभे होते ते दुसरेच. अजून थोडं पुढे घ्या, आडवी फांदी येतेय, बछडे झाकले जातायत, हे गाडीत कोण म्हणतं ते सफारी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणणाऱ्याच्या हातात संध्याकाळच्या टिपचे पैसे असतात. चूक झाली की गाइडची ओळख वन विभागाच्या आदेशापर्यंत पोचते, आणि चांगला फोटो झाला की ती गेटच्या बाहेर येत नाही. हा तोल सुधारायचा तर त्याच्या 'नाही'ला गाडीत मान मिळायला हवा, आणि ज्याचं नाव फोटोखाली जाणार आहे त्याचं 'नाही' म्हणणं सोपं होतं. फोटो त्याचाही आहे म्हटल्यावर तो कसा काढला गेला, यातही त्याची इज्जत गुंतते.

फोटोतला वाघ आणि गाइडच्या गावातला वाघ एकच असतो, हेही लक्षात ठेवावं. पांढरपौनी भागातली माया, नोंदीतली टी-१२, ही ताडोब्यातली अतिशय लाडकी वाघीण. तिचे किती फोटो निघाले असतील याची मोजदाद नाही. २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली, नोव्हेंबरमध्ये अवशेष सापडले, आणि डीएनए तपासणीनंतर ते तिचेच असल्याचं जाहीर झालं तेव्हा मुंबई-पुण्याच्या माणसांनीही हळहळून लिहिलं. त्याच मायाच्या हल्ल्यात २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा मृत्यू झाला होता. वाघांच्या गणनेसाठी त्या मजुरांसोबत पायी निघाल्या होत्या. आणि मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपत्त्याचा हंगाम आणि पाणवठ्यावर वाघ हमखास दिसण्याचा हंगाम एकच आहे. जिप्सीत उभं राहून शांतपणे "सर, लेफ्ट साइड" म्हणणाऱ्या मुलाची आई त्याच सकाळी पत्ता तोडायला गेलेली असू शकते. हे त्याच्या तोंडून कधी निघत नाही. आपण विचारलं तर सांगतो.

एक अडचण खरी आहे. नाव लिहिताना ठिकाण लिहू नये. बछडेवाली वाघीण कुठल्या नाल्यात आहे, हे जाहीर झालं की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. म्हणून गाइडचं आणि चालकाचं नाव द्या, गेटचं द्या, गावाचं द्या, पण नाला आणि पाणवठा गाळा, फोटोतलं जीपीएस बंद ठेवा. आणि एखाद्याला नाव नको असेल तर तोही त्याचा हक्क. पण आधी विचारायला तर हवं. फोटो टूरवाल्यांनी हे मनावर घेतलं तर काम एका मोसमात होईल, कारण रात्रीच्या लॅपटॉपभोवतीच्या बैठकीत फोटोखाली काय लिहायचं हे तेच शिकवतात. त्या बैठकीला एखाद्या संध्याकाळी गाइडलाच बोलवा. शटर स्पीडवरचं व्याख्यान यूट्यूबवर शंभर ठिकाणी मिळतं, सांबर आणि चितळाच्या हाकेतला फरक सांगणारा माणूस मोहर्लीलाच मिळतो. नागपूर-चंद्रपुरात वन्यजीव छायाचित्रांची प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी आणि स्पर्धा घेणाऱ्यांनी प्रवेशिकेत एक रकाना वाढवावा: गाइड आणि चालक यांची नावं. वन विभागाने सफारीच्या पावतीवर ही दोन नावं ठळक छापावीत, म्हणजे घरी गेल्यावर आठवत नाही ही सबब उरणार नाही.

पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतो. बफरमधली तुरळक पाळी सोडली तर बरेचसे गाइड तेव्हा धानाच्या रोवणीत असतात. १ ऑक्टोबरला गेटं उघडतात. तुमच्यापैकी जे कोणी कॅमेरा घेऊन जाणार असाल, त्यांनी गाडीत बसल्याबरोबर लेन्सची टोपी काढण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं पूर्ण नाव आणि गाव विचारावं, लिहून घ्यावं, आणि फोटो बाहेर पाठवताना ते आपल्या नावाच्या शेजारी त्याच अक्षरात छापावं.