विश्लेषण : महापूर ओसरल्यावर मुलांच्या मनातला ताणही ओसरतो का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर पाणीपातळीचे मेसेज फिरू लागतात. ४३ फूट ही धोका पातळी. तोवर चिखली, आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत जनावरे हलवण्याची लगबग सुरू झालेली असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत अनेक मुलांना घर सोडून जावे लागले. पाणी उतरले, शाळा भरली, म्हणजे मुले सावरली असे आपण धरून चालतो. मुंबईतील एका प्रयोगशाळेचे संशोधन या समजाकडे पुन्हा पाहायला लावते.

हे संशोधन कोणाचे?

डॉ. विदिता वैद्य या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) मेंदूशास्त्रज्ञ. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी आणि अमेरिकेतील येल विद्यापीठातून पीएचडी घेऊन त्या २००० मध्ये टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या. भावनांचे नियमन करणाऱ्या मेंदूतील यंत्रणेवर ताणाचा काय परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, तर २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

प्रयोगांतून काय दिसले?

उंदरांच्या नवजात पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून दूर ठेवले जाते. पुढे त्यांना आई मिळते, खाणेपिणेही नीट होते. तरीही मोठेपणी ती अधिक भित्री, चिंताग्रस्त वागतात. मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन पेशींवरच्या ज्या ग्राहींमार्फत काम करते, त्यांतील काही ग्राही ताणाच्या त्या काळात औषधाने रोखले, तर पुढची चिंता टळते, असे वैद्य यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले.

२०१३ मधील निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. लहानपणी ताण सोसलेले उंदीर तारुण्यात स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत इतरांपेक्षा सरस ठरले. मध्यम वयात मात्र त्यांची घसरण झाली. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी तयार होण्याचे प्रमाणही असेच आधी वाढले, मग घटले. म्हणजे आज ठीक दिसणे ही उद्याची हमी नव्हे.

माणसांबाबत काय माहीत आहे?

न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ रेचल येहुडा यांनी आघातानंतरच्या तणावविकाराचे (पीटीएसडी) जीवशास्त्र अनेक दशके अभ्यासले. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. पण या विकाराच्या रुग्णांत ते अनेकदा कमी आढळते, असे त्यांना दिसले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यावेळी गर्भवती असलेल्या ३८ महिलांचा त्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. विकार जडलेल्या मातांच्या बाळांतही कॉर्टिसॉल कमी होते. संख्या लहान असल्याने यावरून सर्वांबाबत ठाम विधान करता येत नाही.

मग कोल्हापूरने काय घ्यावे?

उंदरांवरचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. आईपासूनची ताटातूट आणि महापूर या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर पाहिलेले प्रत्येक मूल आजारी पडते, असेही नाही. बहुतेक मुले घरच्यांच्या आधाराने सावरतात. पण ज्यांना आधार लागतो, त्यांना तो वेळेत मिळावा, एवढे तरी या संशोधनातून निश्चित घेता येते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पातून भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला होता. आपल्याकडे पंचनाम्यात घर, जनावर, पीक यांची नोंद होते. मुलाच्या उडालेल्या झोपेची होत नाही. पावसाचा जोर वाढताच मूल रडू लागणे, एकटे झोपायला घाबरणे, शाळेला जायला नकार देणे हे आठवडेच्या आठवडे चालले, तर ‘मोठे झाल्यावर विसरेल’ म्हणून सोडून देऊ नये. शिक्षकांशी, डॉक्टरांशी बोलावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.